पुतळ्यांच्या गावात आपण कोण?

सुट्टीत पोरांना घेऊन रत्नागिरीला निघालाय? मग हा भाग तुमच्यासाठी. ऐकायला वेळ नसेल तर खाली पूर्ण वाचा.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने गेलं की साधारण २५ किलोमीटरवर गणपतीपुळे लागतं. तिथे 'प्राचीन कोकण' नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. काचेची कपाटं कमी, झाडी जास्त. वाटेवर माणसाएवढे पुतळे, गावातली कामं करणारे. सोबत गाईड. कोकणात ५०० वर्षांपूर्वी लोक कसे राहायचे, हे तो चालता चालता सांगतो. मोबाइलवर वाढलेली मुलंही इथे रमतात, कारण गोष्ट स्क्रीनवर नसते, मुलं स्वतःच तिच्यात उभी असतात.

ही कल्पना नवी नाही. १८९१ साली आर्थर हाझेलिउस या माणसाने स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला 'स्कान्सेन' उभं केलं. कारखाने वाढत होते, खेडी बदलत होती. तेव्हा त्याने देशभरातली जुनी घरं सोडवून आणून एका टेकडीवर परत उभी केली आणि त्यात जुन्या वेशातली माणसं कामाला लावली. जगभरची उघड्यावरची संग्रहालयं त्याच वाटेने आली. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियमही गावगाडा पुतळ्यांतून दाखवतं.

आता खरी गोष्ट. माझी नऊ वर्षांची भाची पुतळ्यांसमोर थबकली आणि म्हणाली, "मावशी, यात आपण कोण?"

प्रश्न साधा वाटतो, पण सगळा इतिहास त्यातच आहे. कारण त्या गावात कोण काय करणार, हे आवडीनं ठरत नव्हतं, जन्मानं ठरत होतं.

गावगाडा म्हणजे काय, ते आधी बघू. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, महार असे बलुतेदार गावाची कामं करायचे. याद्या गावागणिक थोड्या बदलायच्या. रोख पगार नसायचा, सुगीला धान्यातला ठरलेला वाटा मिळायचा, तेच बलुतं. ऐकायला छान, सगळे एकमेकांना धरून. पण महारांच्या वाट्याला निरोप पोचवणं, सीमेची राखण, मेलेली गुरं ओढणं ही कामं यायची, आणि वस्ती गावाबाहेर असायची. पाणवठा वेगळा, देवळाचा उंबरा बंद.

हे फार जुनं नाही. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचा कायदा बदलायला विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये आला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्यात!

कोकणात आणखी एक पात्र होतं, खोत. सरकारचा सारा गोळा करणारा. कुळं शेत कसायची, पिकातला मोठा हिस्सा त्याला द्यायची, वर वेठही करायची. १९३३ पासून आजच्या रायगडमधल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी जमिनी न कसता कित्येक वर्षं संप चालवला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक आणलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

तर मी भाचीला सांगितलं, "आपले पणजोबा खोताचं कूळ होते. यात आपण शेतात वाकलेले." तिने विचारलं, "आणि शेत कुणाचं?" हा तिचा दुसरा प्रश्न पहिल्याहून भारी होता.

पुतळे चांगले असतात, पण ते भांडत नाहीत, उपाशी राहत नाहीत, संप करत नाहीत. म्हणून तिथे गेलात तर प्रत्येक पुतळ्यापाशी मुलांना तीन प्रश्न विचारू द्या: या माणसाला मोबदला काय मिळायचा? पाणी कुठून आणायचा? काम सोडावंसं वाटलं तर सोडता यायचं का? गाईडलाही विचारा.

मग रत्नागिरी शहरात परत येताना मुलांना पतितपावन मंदिर दाखवा. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये ते उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. सगळ्यांसाठी देऊळ मुद्दाम बांधावं लागलं, यावरून बाकीच्या देवळांचं कळतं ना? मुलांना ते लगेच कळतं.

जुनं गाव सुंदर होतं का? माडांची सावली होती, कारागिरांच्या हातात जादू होती, हे खरंच. पण त्या सावलीत कुणाला बसता यायचं, हेही मुलांना कळू दे. आठवण म्हणून फोटो काढाच, त्यासोबत एखादा प्रश्नही घरी न्या.

तुमच्या घरात बलुतं किंवा खोतीची आठवण सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!