गाडीत नेण्याचे पोर्टेबल टॉयलेट : निवड, जागा आणि रिकामे करण्याची सोय

मुंबईहून कोकणात किंवा पुण्याहून विदर्भात गाडीने निघालेल्या कुटुंबात बहुधा एक व्यक्ती अशी असते, जी आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी प्यायला लागते. कधी ती मधुमेह असलेली आजी असते, कधी प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा, कधी दिवस गेलेली सून. वाटेत स्वच्छतागृह मिळेल का, मिळालेच तर आत पाय ठेवण्याजोगे असेल का, गुडघे वाकत नसताना तिथे उकिडवे बसावे लागले तर काय, या धास्तीने तहान मारली जाते. पाणी टाळणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे या दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी होऊन चक्कर येते ती वेगळीच. अनेक घरांत यावर काढलेला तोडगा म्हणजे त्या व्यक्तीने लग्नाला किंवा गणपतीला न येणे. गाडीत सोबत नेता येणाऱ्या शौचालयाचा खरा उपयोग अशा माणसांना आहे. हौसेने तंबूत राहणाऱ्यांचा विचार नंतरचा.

खरेदी करताना सगळे लक्ष सीटकडे जाते. वास्तविक सीट हा त्यातला सर्वांत सोपा भाग. मैला कशात साठणार, गाडीत किती तास राहणार आणि शेवटी कुठे रिकामा होणार, या तीन प्रश्नांवर प्रकार ठरतो. म्हणून विचार शेवटाकडून सुरू करावा.

कोणते प्रकार मिळतात

फक्त लघवीचा प्रश्न असेल, आणि बहुतेक प्रवासांत तो तेवढाच असतो, तर औषधाच्या दुकानात मिळणारा झाकणाचा युरिन पॉट पुरतो. पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे दोन वेगळे आकार असतात. स्त्रियांच्या पॉटचे तोंड रुंद असते. उभ्याने वापरायची नरसाळ्यासारखी साधनेही स्त्रियांसाठी मिळतात, पण ती जमायला घरी न्हाणीघरात तीन-चार वेळा सराव करावा लागतो. पहिला प्रयोग घाटात करू नये.

त्यापुढचा प्रकार म्हणजे घडीचे स्टूल, मधोमध भोक आणि खाली पिशवी. हे हलके, स्वस्त आणि डिकीत सहज मावणारे असते. दोष दोन. बहुतेक स्टुले बुटकी असतात, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो. दुसरे म्हणजे ओल्या मातीत एक पाय रुतला की स्टूल कलंडते. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा सपाट जमिनीवरची असते, हे लक्षात ठेवावे.

ज्येष्ठांसाठी याहून चांगली आणि बहुतेकांच्या डोक्यात न येणारी वस्तू म्हणजे आजारी माणसासाठी मिळणारी घडीची कमोड चेअर. तिला हात टेकायला दोन्ही बाजूंना दांडे असतात, उंची साधारण खुर्चीइतकी असते, पायांना रबरी बूच असते आणि खालचे भांडे सरकवून बाहेर काढता येते. भांड्यात पिशवी अंथरली की काम झाले. घरात आधीच अशी खुर्ची असेल तर नवे काहीच घ्यायला नको. महागड्या आयात वस्तूंपुढे ती गावठी दिसते खरी, पण दुखऱ्या गुडघ्यांना दिसण्याशी देणेघेणे नसते.

तिसरा मोठा प्रकार दोन टाक्यांचा. वरच्या टाकीत फ्लशचे स्वच्छ पाणी, खालच्या टाकीत मैला आणि दोन्हींच्या मध्ये सरकणारी झडप. वापरताना झडप उघडायची, फ्लश करून बंद करायची. झडप नीट बसली तर वास आणि गळती दोन्ही रोखली जातात. ‘पोर्टा पॉटी’ हे मुळात अशाच एका टॉयलेटचे व्यापारी नाव. आता लोक सगळ्याच प्रकाराला ते लावतात. खालची टाकी साधारण 10 ते 20 लिटरची असते. मोठी टाकी घेण्याचा मोह होतो, पण 20 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 20 किलोहून जास्त वजन, आणि ते न हिंदकळता उचलून न्यायचे असते. ज्याला हे उचलावे लागणार त्याच्या पाठीचा विचार करून टाकी निवडावी.

याशिवाय लघवी आणि शौच वेगवेगळ्या भांड्यांत जाईल अशी कोरडी टॉयलेटे असतात. त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. लघवीतल्या युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि शौच त्यात मिसळले की ही क्रिया वेगाने होते. दोन्ही वेगळे राहिले तर वास बराच कमी होतो. मात्र नेम धरून बसावे लागते, त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध यांना हा प्रकार त्रासाचा ठरतो.

धुण्याच्या पाण्याचा हिशोब

या वस्तूंसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत ‘एवढ्या वेळा वापरता येईल’ असा आकडा असतो. तो कागद वापरणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडे पाण्याने धुतात, आणि तिथेच हिशोब कोसळतो.

एका वेळची लघवी साधारण 300 ते 400 मिलिलिटर धरावी. त्यात फ्लशचे पाव लिटर आणि धुण्याचे अर्धा लिटर मिळवले की एका वापराला एक लिटरहून जास्त होते. चार माणसांनी तीन-तीनदा वापर केला तर 12 लिटर. म्हणजे 10 लिटरची टाकी एक दिवसही पुरत नाही, आणि सवयीप्रमाणे मगाने पाणी घेतले तर दुपारीच भरते. टाकी काठोकाठ भरल्यावर घाटातल्या वळणांवर काय होते, याची कल्पनाच केलेली बरी.

पिशवीच्या प्रकारात अडचण वेगळी. पिशवीत टाकायची जी पावडर मिळते ती डायपरमध्ये असणारेच पाणी शोषणारे रसायन, सोडियम पॉलिॲक्रिलेट. साध्या पाण्यात तिचा चमत्कार डोळ्यांत भरतो, पण लघवीतल्या क्षारांमुळे तिची शोषण्याची ताकद बरीच घटते. त्यात धुण्याचे पाणी पडले की पिशवीत जेलऐवजी पातळ रस्सा राहतो. पाकिटावरच्या मापावर विसंबू नये. घरी चिमूटभर मीठ घातलेले अर्धा लिटर पाणी पिशवीत ओतून किती पावडर लागते ते पाहावे. ही पावडर मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. ती नसेल तर कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा मोठ्यांच्या डायपरचे पॅडही चालते. जागा मात्र जास्त लागते.

यावर सोपा उपाय म्हणजे मगाला सुट्टी देऊन टोपणाला बारीक भोक असलेली, दाबून धार सोडता येणारी बाटली वापरणे. तिने 150 ते 200 मिलिलिटरमध्ये काम होते. नंतर कोरडे करायला कागद वापरला तर तो टाकीत न टाकता वेगळ्या पिशवीत टाकावा.

गाडीत जागा आणि बांधणी

गाडीच्या आतच वापरायचे असेल तर आधी डोके छताला लागते का ते पाहावे. घरी टॉयलेट जमिनीवर ठेवून ताठ बसावे आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर गाडीच्या तळापासून छतापर्यंतच्या अंतरापेक्षा निदान हातभर नाही तरी वीतभर कमी हवे, कारण बसण्याआधी कपडे सोडताना माणूस हलतो. छोट्या हॅचबॅकमध्ये हे गणित प्रौढांसाठी सहसा जुळत नाही. अर्टिगा, इनोव्हासारख्या तीन रांगांच्या गाडीत शेवटची सीट दुमडून बुटके मॉडेल बसू शकते. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये प्रश्नच येत नाही. हॅचबॅकवाल्यांनी डिकीचे वर उघडणारे दार छप्पर समजून त्याला पडदा लावावा आणि खुर्ची त्याखाली जमिनीवर मांडावी. झटपट उघडणारे छोटे तंबूही मिळतात, पण डांबरावर त्यांचे खुंटे ठोकता येत नाहीत आणि घाटातला वारा तंबू माणसासकट ओढू लागतो. अशा वेळी तंबूच्या वरच्या कड्या गाडीच्या कॅरिअरला दोरीने बांधून घ्याव्यात.

बांधणीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मोकळी ठेवलेली 15 किलोची वस्तू जोरात ब्रेक लागला की पुढच्या सीटवर जाऊन आदळते, आणि अपघातात तिचा धक्का तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. टॉयलेट डिकीत किंवा दुमडलेल्या सीटच्या मागे, शक्य तितके खाली ठेवावे. खाली रबरी मॅट, त्यावर कडा उंच असलेला प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात टॉयलेट, अशी मांडणी करावी, म्हणजे गळती झाली तरी कार्पेट वाचते. मग सामान बांधण्यासाठी डिकीत दिलेल्या कड्यांना ट्रक-टेम्पोत वापरतात तसा घट्ट करता येणारा पट्टा आडवा-उभा बांधावा. ताणाची रबरी दोरी पुरत नाही. धक्का बसला की ती ताणली जाते आणि वस्तू सुटते.

दोन टाक्यांच्या टॉयलेटसाठी तळाला स्क्रूने बसवायच्या पट्ट्या मिळतात. त्या बसवण्यासाठी गाडीच्या तळाला भोक पाडण्याचा विचार सोडून द्यावा. मागच्या भागात खालून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी जातात. सीएनजी गाडीत सिलिंडर असतो आणि विजेवरच्या गाडीत तर बॅटरीच तळाला असते. त्याऐवजी डिकीच्या मापाची जाड प्लायवूडची फळी कापून त्या पट्ट्या फळीला स्क्रूने बसवाव्यात आणि फळी कड्यांना बांधावी. प्रवास संपला की सगळे उचलून बाहेर. सीट कायमची काढून टॉयलेट बसवणे हा गाडीतला बदल ठरू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार अशा बदलांवर बंधने आहेत, तेव्हा आरटीओकडे चौकशी केल्याशिवाय गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही’वर विसंबू नये.

कुठे थांबावे

चालत्या गाडीत टॉयलेटवर बसणे पूर्ण निषिद्ध. त्या जागेला सीटबेल्ट नसतो. गाडी रस्त्याच्या कडेला लावून वापरणेही तितकेच धोक्याचे, विशेषतः रात्री, जेव्हा मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी उशिरा दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणीबाणीशिवाय कडेला थांबायला बंदीच आहे. टॉयलेट सोबत असले तरी थांबा पेट्रोल पंप, फूड मॉल किंवा ढाब्याच्या आवारातच घ्यावा. तिथले स्वच्छतागृह वापरण्यासारखे नसले तरी दिवे असतात, माणसे असतात आणि हात धुवायला पाणी मिळते. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाडी तासन्‌तास जागची हलत नाही तेव्हा मात्र दुसरा पर्याय नसतो. त्या वेळी काचांना लावायचे काळे पडदे, एक चादर आणि युरिन पॉट एवढे हाताशी, म्हणजे डिकीत नव्हे तर सीटखाली, ठेवलेले असावे.

घाट चढून गेल्यावर टाकीची झडप एकदम उघडू नये. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास 15 टक्क्यांनी कमी असतो. खाली बंद केलेल्या टाकीतली हवा वर गेल्यावर बाहेर यायला बघते आणि झडप उघडताच शिंतोडे उडतात. उन्हात तापलेल्या गाडीतही हेच होते. झाकण बंद ठेवून झडप किंचित सरकवावी, हवा जाऊ द्यावी, मग पूर्ण उघडावी.

रिकामे करणे आणि धुणे

टाकीतला मैला फक्त शौचालयाच्या भांड्यात ओतावा, थोडा थोडा, मग भरपूर पाणी. गटार, ओढा, शेताचा बांध यांपैकी काहीही चालत नाही. लॉजवर किंवा पंपावर ओतायचे असेल तर आधी विचारावे. हे काम तिथल्या सफाई कामगाराला पैसे देऊन सांगू नये. हाताने मैला साफ करण्यासाठी माणूस नेमण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या घरचा मैला आपणच उपसावा.

जेल झालेली पिशवी शौचालयात रिकामी केली तर भांडे तुंबते. ती दुहेरी पिशवीत गाठ मारून, कागदात गुंडाळून, वर खूण करून, डायपर ज्या कचऱ्यात जातात तिथे द्यावी. कोकोपीट किंवा भुसा वापरला असेल आणि स्वतःची जमीन असेल तर पिशवी काढून आतले वीतभर खोल खड्ड्यात पुरता येते. विहीर आणि ओढा तिथून निदान 60 मीटर लांब हवा.

खालच्या टाकीत घालायची निळी रसायने मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये फॉर्मलडिहाइड असते. ते सेप्टिक टँकमधल्या उपयोगी जिवाणूंना मारते, म्हणून गावच्या घरी टाकी ओतायची असेल तर एन्झाइमवर चालणारे द्रव घ्यावे. एका दिवसाच्या प्रवासाला रसायनाची गरज नसते. निघताना टाकीत लिटरभर पाणी घातले की मैला तळाला चिकटत नाही. ब्लीच मात्र कधीच घालू नये. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन डोळे आणि घसा जाळणारा वायू तयार होतो, आणि बंद गाडीत तो जायला वाट नसते. संडास धुण्याचे ॲसिड झडपेचे रबर खाते. धुवायला साधा भांड्यांचा साबण पुरतो.

हातांसाठी सॅनिटायझरवर भागवू नये. हात घाण झाले असतील तर तो नीट काम करत नाही आणि जुलाबाच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. दोन लिटर पाण्याची वेगळी बाटली आणि साबणाची वडी टॉयलेटच्या ट्रेमध्येच बांधून ठेवावी.

घरी परतल्यावर टाकी धुऊन, झाकण आणि झडप उघडी ठेवून सावलीत पूर्ण वाळवावी. झडप बंद करून ठेवली तर रबर चिकटते आणि पुढच्या वेळी उघडताना फाटते. रबराला सिलिकॉनचा स्प्रे लावावा. व्हॅसलीनने ते फुगते. निघण्याच्या आदल्या दिवशी टाकीत पाणी भरून, ती तासभर आडवी ठेवून गळते का ते पाहावे. आजी-आजोबांना खुर्चीवर एकदा घरातच बसवून पाहावे, म्हणजे उंची जमते की खाली फळी द्यावी लागते ते तिथेच कळते.