परतलेल्या माणसाची नोंद कुठे सापडते?

१/ एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडमध्ये घरातले कुणी अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री सारा गाव त्या घरी जमत असे. मृतदेहाजवळ रात्र जागवण्याची जी रीत, तीच जिवंत माणसासाठी पाळली जाई. या रात्रीला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. गेलेला परत येत नाही, हे गृहीतच होते. तरीही काही जण परतले. त्यांचा माग कसा काढतात, त्याविषयी हा थ्रेड. 🧵

२/ १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. ओघ पुढेही थांबला नाही. इटालियन स्थलांतरित मोठ्या संख्येने मायदेशी परतत. आयरिशांत हे प्रमाण फारच कमी होते. त्यामुळे पूर्वजाचा शोध अमेरिकेच्या धक्क्यावरच संपवला जातो आणि परतलेला माणूस निसटतो.

३/ त्यात कागदपत्रांची दुर्दशा. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतांश भाग त्यात गेला. पुढच्या चार जनगणना सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. संपूर्ण उरलेल्या सर्वांत जुन्या जनगणना दोनच: १९०१ आणि १९११.

४/ मात्र या दोन्हींत जन्मस्थानाचा रकाना आहे. आई-वडील मेयो परगण्यात जन्मलेले, थोरले मूल अमेरिकेत, धाकटे पुन्हा मेयोत, अशी नोंद दिसली की उलगडा होतो. कुटुंब परतले ते या दोन मुलांच्या जन्मांच्या दरम्यान. ‘परतलो’ असे कुणी लिहीत नाही. ते मुलांच्या जन्मस्थानावरून कळते.

५/ एकटा परतलेला माणूस शोधणे अधिक अवघड. डोनेगलचा मिकी मॅक गॉवन १८८५ मध्ये अमेरिकेला गेला, मोंटानाच्या चांदीच्या खाणीत राबला, क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावला आणि १९०२ मध्ये परतला. त्याचे लग्न परतल्यावर झाले. अशा घरात मुलांची जन्मस्थाने काहीच सांगत नाहीत.

६/ तेथे जमिनीचे दप्तर कामी येते. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेल्या ‘ग्रिफिथ मूल्यांकना’नंतर कब्जेदार बदलला की जुने नाव खोडून नवे लिहिले जाई आणि बाजूला वर्ष नोंदले जाई. वडिलांच्या नावावर काट पडून मुलाचे नाव चढले, तर ते वर्ष परतीच्या जवळचे असू शकते. मग १८७८ पासूनच्या येणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्या चाळाव्यात.

७/ नावांचा चकवा वेगळाच. ‘मॅक गॉवन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. म्हणून याच आडनावाची काही कुटुंबे इंग्रजी कागदांत ‘स्मिथ’ झाली. एकच माणूस दोन देशांत दोन आडनावांनी सापडू शकतो.

८/ उलटही घडते. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावर सर्वप्रथम उतरलेली कॉर्कची ॲनी मूर पुढे टेक्सासला गेली, असे अनेक दशके मानले जात होते. २००६ मध्ये उघड झाले की टेक्सासची ॲनी अमेरिकेतच जन्मली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली आणि १९२४ मध्ये वारली. केवळ नाव जुळल्याने एका घराण्याला परकी पूर्वज मिळाली आणि दुसऱ्याची हरवली. म्हणून नावासोबत वय, गाव आणि नातलग जुळल्याविना निष्कर्ष काढू नये.

९/ मिकीने आपली कहाणी जावयाला सांगितली. जावई लोककथांचा संग्राहक होता, म्हणून १९५९ मध्ये तिचे आयरिश भाषेतील पुस्तक झाले. इतर बहुतेकांना असा जावई लाभला नाही. त्यांच्या मागे राहिले ते जनगणनेच्या कागदावर, एका मुलाच्या नावापुढे लिहिलेले ‘अमेरिका’. शोध घेणाऱ्याने आधी तो रकाना वाचावा. (समाप्त)