समोरची काच : संरक्षक आवरणापासून मापनयंत्राच्या भागापर्यंत
(मोटारींतील चालक-साहाय्य प्रणाली आणि दुरुस्तीनंतरचे कॅलिब्रेशन : एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :
मोटारगाडीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा शोध, कारखाने आणि विक्री यांवर केंद्रित झालेले आढळते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर ती ठोकली जाते, तिची काच फुटते, ती दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागते. तिच्या आयुष्याचा हा दीर्घ भाग इतिहासलेखनात अपवादानेच येतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास वापर व देखभाल यांच्या अंगाने लिहिण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. प्रस्तुत शोधनिबंधात याच दृष्टीने समोरच्या काचेचा व तिच्या दुरुस्तीचा मागोवा घेतला आहे. मोजमापाचे उपकरण ज्ञात प्रमाणाशी ताडून जुळवून घेणे यास कॅलिब्रेशन म्हणतात. कार्यशाळांत हाच शब्द रूढ असल्याने येथेही तोच वापरला आहे.

उद्दिष्टे :
१) समोरच्या काचेच्या कार्यात झालेल्या स्थित्यंतराचा आढावा घेणे.
२) चालक-साहाय्य प्रणालींचा उदय व त्यांचे कॅलिब्रेशनावरील अवलंबित्व स्पष्ट करणे.
३) दुरुस्तीनंतरच्या जबाबदारीचा प्रश्न भारतीय संदर्भात तपासणे.

काच : संरक्षण आणि पारदर्शकता
फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ साली सेल्युलोज नायट्रेटचा थर बसलेले काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. या निरीक्षणातून दोन काचांमध्ये थर असलेल्या सुरक्षा काचेचा मार्ग खुला झाला व १९०९ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे ही काच मोटारींत स्थिरावली. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने समोरच्या काचेसाठी अशी थरयुक्त काच आणि किमान ७० टक्के प्रकाशपारगम्यता बंधनकारक केली. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवरील काळ्या फिल्मना मनाई केली.

या नियमांचा भर दोन गोष्टींवर होता : काच फुटल्यावर इजा होऊ नये आणि चालकाला रस्ता दिसावा. पाहणारा डोळा मानवी होता. काच किंचित तिरपी बसली, तरी चालक तिच्याशी नकळत जुळवून घेत असे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची समोरची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असे. अनुभवी कारागीर दोरीच्या साहाय्याने ती बसवीत. पाणी झिरपत नाही व काच खडखडत नाही, एवढे पाहिले की काम पुरे होई. नंतरच्या गाड्यांत काच चिकटद्रव्याने सांगाड्याशी जोडली जाऊ लागली आणि ती गाडीच्या रचनेचाच भाग बनली.

यंत्राचा डोळा काचेमागे येतो
युरोपातील ‘प्रोमिथियस’ प्रकल्पात (१९८७ ते १९९५) संगणकीय दृष्टीवर चालणाऱ्या वाहनांचे प्रयोग झाले. जर्मनीतील एर्न्स्ट डिकमन्स यांच्या चमूने १९९५ साली म्युनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सपर्यंत व परत असा प्रवास बहुतांशी स्वयंचलित रीतीने घडवला. बाजारपेठेत हे तंत्र तुकड्यातुकड्यांनी आले. सुबारूने १९९९ साली जपानमध्ये दोन कॅमेऱ्यांची प्रणाली दिली. होंडाने २००३ साली टक्कर टाळण्यासाठी स्वतः ब्रेक लावणारी व्यवस्था बाजारात आणली. २००८ साली व्होल्वोने काचेमागील लेझर संवेदकावर आधारित ‘सिटी सेफ्टी’ सादर केली.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील २० वाहन उत्पादकांनी सप्टेंबर २०२२ पर्यंत बहुतेक नव्या गाड्यांत स्वयंचलित ब्रेकप्रणाली देण्याचे मान्य केले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या सुरक्षा नियमावलीनुसार अशा अनेक प्रणाली जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या व जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना आवश्यक झाल्या. भारतात २०१५ साली ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाहन-रडारला परवान्यातून सूट मिळाली. २०२१ साली पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मुळे कॅमेरा व रडार यांवर आधारित साहाय्य मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्याजवळ आले.

अंशभर चूक आणि तिचा अर्थ
कॅमेरा काचेच्या वरच्या भागी बसतो आणि काचेतूनच पाहतो. त्यामुळे काचेची वक्रता, जाडी व कॅमेऱ्याच्या पकडीची जागा हे सर्व त्याच्या मोजमापाचे घटक ठरतात. कॅमेऱ्याची दिशा केवळ १ अंशाने ढळली, तर भूमितीच्या हिशेबाने १०० मीटर अंतरावर सुमारे १.७५ मीटरचा फरक पडतो. भारतातील मार्गिकेची प्रमाण रुंदी ३.५ मीटर धरली, तर ही चूक अर्ध्या मार्गिकेएवढी होते. शेजारच्या मार्गिकेतील ट्रक आपल्या पुढे आहे, असे यंत्राला वाटू शकते. किंवा पुढचा ट्रक त्याच्या लेखी बाजूला सरकतो. बम्परमागील रडारचीही हीच स्थिती आहे. किरकोळ धक्क्याने त्याची पट्टी वाकते. बम्परवरील लांबी व रंगाचे जादा थर रडारलहरींना अडथळा करतात. डेंटिंग-पेंटिंग उत्तम झालेली गाडी त्यामुळे मोजमापात सदोष असू शकते. विशेष म्हणजे प्रत्येक वेळी धोक्याचा दिवा लागतोच असे नाही.

कॅलिब्रेशनाच्या दोन पद्धती आहेत. स्थिर पद्धतीत समतल जमिनीवर, नियंत्रित प्रकाशात, गाडीच्या मध्यरेषेपासून मोजून ठरावीक अंतरावर आकृतीफलक उभे केले जातात. त्यापूर्वी चाकांची अलाइनमेंट व टायरमधील हवा तपासावी लागते. चल पद्धतीत निदानयंत्र जोडून गाडी ठरावीक वेगाने, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवली जाते. पट्टे पुसलेल्या किंवा गर्दीच्या रस्त्यावर ही प्रक्रिया पूर्ण होणे कठीण असते.

पूर्वपरंपरा : तंजावर, १८०८
धक्का बसलेले उपकरण पुन्हा प्रमाणाशी जुळवण्याची ही शिस्त गॅरेजला नवी असली, तरी मोजणीच्या क्षेत्रात जुनी आहे. भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे विल्यम लॅम्बटन यांचा सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळला. तेव्हा तेथे मराठा राजे सरफोजी दुसरे गादीवर होते. वाकलेले वर्तुळ पूर्ववत करण्यासाठी लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खर्ची घातले. उपकरण पुन्हा उभे राहणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्याच्या कोनमापनावर पुन्हा विश्वास ठेवता येणे आवश्यक होते. मोटारगाडी मापनयंत्र बनल्यावर हीच अपेक्षा गॅरेजच्या दारी आली.

जबाबदारीचा प्रश्न
नियमांचा रोख मुख्यतः नव्या वाहनाकडे असतो. प्रकार-मान्यता ही नव्या गाडीची परीक्षा होय. तिसऱ्या वर्षी काच बदललेली गाडी त्या परीक्षेला पुन्हा बसत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात, अशा प्रणालींची दुरुस्ती करून घेतलेल्यांपैकी सुमारे निम्म्या मालकांनी दुरुस्तीनंतरही अडचणी आल्याचे नोंदवले. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या थॅचम संस्थेने २०२१ पासून दुरुस्तीकारांसाठी कॅलिब्रेशनविषयक अपेक्षा लागू केल्या. फ्लोरिडा राज्याने २०२३ च्या कायद्याने ग्राहकाला कॅलिब्रेशनची पूर्वसूचना देणे आवश्यक केले.

भारतात या प्रश्नाला उपजीविकेचीही बाजू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ वाहन उत्पादकांविरुद्धच्या आदेशात स्वतंत्र दुरुस्तीकारांना सुटे भाग व निदानसाधने न मिळणे स्पर्धाविरोधी ठरवले. या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले. कॅलिब्रेशनसाठी प्रशस्त जागा, फलक, सॉफ्टवेअर व उत्पादकाची माहिती लागते. ती न मिळाल्यास गल्लीतील काच बसवणारा कुशल कारागीर व्यवसायाबाहेर फेकला जाईल किंवा कॅलिब्रेशनविना काम करील. पहिल्या शक्यतेत त्याचे नुकसान आहे. दुसरीत रस्त्यावरील सर्वांचे.

निष्कर्ष :
१) समोरच्या काचेचे कार्य संरक्षणाकडून मापनाकडे विस्तारले, दुरुस्तीची कल्पना मात्र बराच काळ पूर्वीचीच राहिली.
२) दुरुस्तीची कसोटी नजरेकडून नोंदीकडे सरकली आहे. त्यामुळे कॅलिब्रेशनचा लेखी दाखला बिलासोबत ग्राहकाला मिळणे आवश्यक ठरते. जुनी गाडी घेणाऱ्यालाही तोच आधार राहील.
३) तांत्रिक माहितीची खुली उपलब्धता व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम यांविना ही जबाबदारी केवळ कारागिरावर टाकणे अन्यायाचे होईल.
४) तंत्रज्ञानाचा स्वीकार विक्रीच्या आकड्यांवरून मोजला जातो, तो समाजात कितपत रुजला, हे मात्र त्याच्या दुरुस्तीच्या व्यवस्थेवरूनच कळते.