मोठ्या गाडीचा दावा, पाणंदीची साक्ष

पुण्या-साताऱ्याकडच्या दुचाकीस्वारांत गेल्या काही वर्षांत एक मत पक्के झाले आहे. कच्च्या वाटेने, डोंगराने, माळाने भटकायचे तर गाडी मोठी हवी. निदान चारशे सीसी, परवडल्यास त्याहून वरची. या मताबरोबर चालवण्याची एक रीतही रूढ झाली आहे. अवघड जागा आली की सीटवर घट्ट बसा, दोन्ही पाय खाली सोडा, पुढच्या ब्रेकला हात लावू नका आणि गाडी अडलीच तर रेस वाढवा. मत आणि रीत दोन्ही मला चूक वाटतात. सातारा-सांगलीच्या जमिनीवर तर ती धोक्याची आहेत.

प्रतिपक्ष आधी नीट मांडू. त्यांचे म्हणणे असे: जड गाडी रस्ता धरून चालते, हलकी उडते. चढाला ताकद लागते. पुणे-बंगळूर महामार्गावर तासन्‌तास शंभरच्या वेगाने जायचे तर लहान इंजिन दमते आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हलते. मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना सामान असेल तर प्रश्नच संपला. शिवाय पाय जमिनीजवळ असले की तोल सावरता येतो, आणि मुरमावर पुढचे चाक घसरले तर गाडी हातची जाते. यांतले शेवटचे विधान अक्षरशः खरे आहे. महामार्गाचा मुद्दाही खरा आहे. जोडीने लडाखला जाणाऱ्याने मोठी गाडी जरूर घ्यावी. त्याच्याशी माझा वाद नाही.

वाद आहे तो इथल्या वाटांचा. साताऱ्याच्या पश्चिमेला जांभ्याचे सडे आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते. पूर्वेला माण-खटाव, खाली आटपाडी-जत इथे मुरूम, सुटी खडी आणि उघडा कातळ. मधल्या कृष्णाकाठी वाळवा-पलूसची काळी माती. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात, आणि एक सर पडली की तीच माती चिखल होऊन टायर आणि मडगार्डच्या मध्ये इतकी ठासून बसते की चाक फिरायचे थांबते. मग गाडी आडवी करून काटकीने माती उकरत बसावे लागते. या तीनही जमिनींवर चालण्याचा वेग किती? ताशी दहा ते तीस किलोमीटर. निकाल याच वेगावर लागायला हवा.

ताकदीचा दावा आधी घेऊ, कारण तो मोजता येतो. समजा वाट चार मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढते. आपल्या डोंगरातही हा चढ खडाच म्हणावा लागेल. गाडी, स्वार आणि सामान मिळून २५० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. एवढे वजन या वेगाने वर न्यायला सुमारे सव्वातीन अश्वशक्ती लागते. मऊ, सुट्या जमिनीत चाक रुतते, त्याचा विरोध भरपूर धरला तरी हिशेब पाचाच्या आत राहतो. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आली. तिची ताकद सुमारे अठरा अश्वशक्ती. कमी फेऱ्यांवर ती पूर्ण मिळत नाही हे मान्य, पण निम्मी धरली तरी नऊ उरते. मग चाळीस कशाला हवी? इथल्या चढावर गाडी थांबते ती ताकद संपल्यामुळे क्वचितच. चाक जागच्या जागी फिरू लागते म्हणून ती थांबते, आणि जास्त ताकदीने चाक जास्तच फिरते. रेस वाढवण्याचा सल्ला म्हणूनच उलटतो. चाक स्वतःसाठी खड्डा खणते.

लहान गाडी इथे चालत नाही याला, हिरोचीच २०११ साली आलेली १५० सीसीची इम्पल्स काही वर्षांत बंद झाली, हा पुरावा पुष्कळदा पुढे केला जातो. बाजारात न चालणे आणि वाटेवर न चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता वजन. जड गाडीला पकड अधिक मिळते, असे सांगतात. वजनाबरोबर पकड वाढते, हे खरे. पण थांबवायचे आणि वळवायचे वजनही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे टणक जमिनीवर हिशेब जवळजवळ फिटतो. मऊ जमिनीत जड गाडी खोल रुतते आणि तोटा सुरू होतो. खरा प्रश्न त्याही पुढचा आहे. गाडीचे वजन वाढले म्हणून माणसाच्या खांद्याची आणि मांडीची ताकद वाढते का? हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची, बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस २४९ किलोची, एक्सपल्स १६० च्या आतबाहेर. मुरमाच्या उतारावर हँडल खालच्या बाजूला ठेवून पडलेली गाडी एकट्याने उचलायची असेल तेव्हा चाळीस किलोंचा फरक कागदावरचा राहत नाही. सडा ओलांडून वाडीवर जाणाऱ्या वाटेवर माणूस एकटाच असतो. या साऱ्या घराण्याची मूळ गाडी, बीएमडब्ल्यूची १९८० ची आर ८० जीएस, दोनशे किलोच्या आत होती, हेही इथे नोंदवायला हवे.

सर्वांत घट्ट रुजलेला आणि सर्वांत घातक समज पुढच्या ब्रेकचा. तोच चार-एकाचा उतार घ्या. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्या उंचीवर आहे आणि सपाटीवर दोन्ही चाकांवर सारखा भार आहे, असे धरू. ब्रेक लावून स्थिर वेगाने उतरताना पुढच्या चाकावर साडेबासष्ट टक्के भार जातो, मागच्यावर साडेसदतीस उरतो. गाडी फक्त मागच्या चाकाने धरायची तर तिथे ०.६७ इतकी पकड लागते. ही कोरड्या डांबराच्या जवळ जाणारी पकड झाली. सुट्या मुरमावर ती कुठून येणार? दोन्ही चाकांनी धरली तर ०.२५ पुरते. इंजिन ब्रेकिंगने सुटका होईल असे वाटत असेल, तर तेही मागच्याच चाकातून काम करते. म्हणजे ‘फक्त मागचा ब्रेक’ पाळणारा स्वार अशा उतारावर गाडी थांबवूच शकत नाही. मागचे चाक आवळले जाते, आडवे सरकते, वेग कमी होत नाही, आणि घाबरलेला हात शेवटी पुढचा ब्रेक खसकन ओढतो. मग जे होते त्याचा दोष पुढच्या ब्रेकला देतात. दोष त्या खसकन ओढण्याचा आहे. एक किंवा दोन बोटे, चाक सरळ असताना, हळूहळू वाढवत जाणारा दाब, आणि चाक घसरू लागल्याचे हाताला कळताच तो सोडणे: ही सवय सपाट माळावर कमी वेगात लावून घेता येते. ती लावून न घेता ब्रेकच वर्ज्य करणे म्हणजे उतारावर स्वतःला निःशस्त्र करणे होय.

अवघड जागी सीटवर बसण्याऐवजी पेगवर उभे राहावे, असे आमचे म्हणणे. त्याबद्दल मात्र आमच्याच पक्षातल्या एका चुकीचे खंडन आधी करायला हवे. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, असे अनेक जाणकार सांगतात. येत नाही. माणूस उठला की त्याचे शरीर वरच जाते. खरे कारण वेगळे आहे. बसलेल्या स्वाराचे धड गाडीला जोडलेले असते. मागचे चाक दगडावर चढले की तो धक्का कण्यापर्यंत जातो आणि गाडी कलली की माणूसही कलतो. उभ्या स्वाराचे घोटे, गुडघे आणि कंबर यांची मिळून वेगळी स्प्रिंग होते. गाडी त्याच्याखाली डावी-उजवी हलते, तो मात्र जागेवर राहतो. एका पेगवर दाब दिला की गाडी वळते. नजर लांब पोचते, आणि चाकोरीत शिरण्याआधी तिचे पुढचे तोंड दिसते. अट एकच: भार पायांत हवा, हँडलला लोंबकळायचे नाही. अगदी आखूड वळणावर बसणे बरे, हेही मान्य.

पाय खाली सोडण्याच्या रीतीवर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. उजवा पाय उचलला की मागचा ब्रेक गेला, डावा उचलला की गिअर गेला. दोनशे किलोची गाडी कलंडताना पाय तिला धरू शकत नाही. तो तिच्याखाली सापडतो.

हलक्या गाडीच्या बाजूने इथलीच एक साक्ष आहे. माणदेशात आणि शिराळ्याच्या वाड्यांतून रोज सकाळी दूध डेअरीला जाते ते कशावरून? पूर्वी राजदूत आणि एम-८०, आता स्प्लेंडर आणि टीव्हीएसची एक्सएल. एक्सएल १०० चे वजन नव्वद किलोच्या आसपास आहे. चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की ऐंशी किलोंहून अधिक दूध झाले, आणि ते ओढ्याची फरशी ओलांडून पाणंदीने जाते. प्रतिपक्ष म्हणेल, वाट रोजची आहे आणि हे लोक बसूनच चालवतात. दोन्ही खरे. मी त्यांची साक्ष वजनापुरतीच काढतो आहे, आणि तेवढ्यापुरती ती निर्णायक आहे.

दूरची साक्ष हवी असेल तर डाकार रॅलीची घ्या. २०११ पासून तिथे ४५० सीसीची मर्यादा आहे आणि गाड्यांचे कोरडे वजन दीडशे किलोच्या आत असते. मर्यादा सुरक्षेसाठी आहे, निवड म्हणून नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण मर्यादेने वाळवंट सोपे झालेले नाही. गाड्या ते अजूनही पार करतात. हरिथ नोहाने २०२४ साली रॅली-२ गट जिंकला तो अशाच गाडीवर. त्याहून मोठी आणि जड गाडी ज्यांना इथे हवीच वाटते, त्यांनी सांगावे: आपल्या सड्यावर त्या वाळवंटाहून कठीण असे काय आहे?

सड्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक बोलतो. कासचे पठार २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेले, कोयना आणि चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. जांभ्यावरचा मातीचा थर तिथे अगदी पातळ आहे आणि सारी फुले त्यावरच उभी आहेत. फिरत्या चाकाने तो एकदा उडाला की खाली नुसता दगड राहतो. ऑफरोड म्हणजे वाट सोडून पठारावर गाडी घालणे, असा अर्थ कोणी घेत असेल तर त्याला गाडी कोणती घ्यावी हे सांगायची माझी इच्छा नाही. जुन्या गाडीवाटा, पाणंदी आणि माळावरचे शिवाररस्ते एवढे आहेत की आयुष्य पुरणार नाही.

तरीही ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासमोर एक परीक्षा ठेवतो. माण आणि आटपाडीच्या शिवेवर मुरमाड उताराची कुठलीही जुनी गाडीवाट निवडावी. स्वार एकच, गाड्या दोन: एक दोनशे किलोंची, एक दीडशेची. दोन्ही चढवाव्यात, दोन्ही उतरवाव्यात. उतरताना एकदा फक्त मागचा ब्रेक आणि एकदा दोन्ही. मधे अर्ध्या उतारावर दोन्ही गाड्या आडव्या करून त्याने एकट्याने उभ्या कराव्यात. घड्याळ आणि टेप वाचकांच्या हाती असावी, आणि आमच्या दोन्ही पक्षांनी तेवढा वेळ गप्प बसावे.