लँकेशायरचा कापूस-दुष्काळ आणि वऱ्हाडचा प्रश्न : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

आर्थिक संकटात सापडलेल्या युरोपचे परराष्ट्र धोरण कोणते वळण घेते, हा प्रश्न २००८ च्या मंदीनंतर पुन्हा चर्चेत आला. कर्जबाजारी ग्रीसने २०१६ मध्ये पिरियस बंदराचे बहुसंख्य भाग चिनी कंपनीला विकले. आणि पुढच्याच वर्षी चीनमधील मानवी हक्कांविषयीचे युरोपीय संघाचे निवेदन ग्रीसनेच अडविले. ऋणको राज्याच्या सार्वभौमत्वाला अशी ओहोटी लागणे वऱ्हाडला अपरिचित नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकोणिसाव्या शतकातील कापसाच्या संदर्भात केला आहे.

हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामावर कंपनी सरकारचे मोठे कर्ज साचले होते. त्याच्या वसुलीसाठी लॉर्ड डलहौसीने मे १८५३ मध्ये निजाम नासिरुद्दौला याच्याशी तह करून वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख आपल्या कारभाराखाली घेतले. १८६० च्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले. कर्ज फिटले तरी तारण सुटले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस तेथून येई. दक्षिणेकडील राज्यांचा हिशेब साधा होता : कापूस अडला की लँकेशायर उपाशी पडेल आणि ब्रिटन आपणास मान्यता देईल. हिशेबाचा पहिला भाग खरा ठरला. १८६२ च्या अखेरीस लँकेशायर परिसरातील सुमारे पाच लाख लोक मदतीवर जगत होते. त्याच सुमारास तिसऱ्या नेपोलियनने संयुक्त मध्यस्थीची सूचना केली. ग्लॅडस्टन व रसेल यांचा कलही तसाच होता. तरीही पामर्स्टनच्या मंत्रिमंडळाने ती नाकारली. संकटाने ब्रिटनचे अमेरिकाविषयक धोरण बदलले नाही. बदल घडला तो अन्यत्र, जेथे प्रतिकाराची शक्ती नव्हती तेथे.

मँचेस्टरची कॉटन सप्लाय असोसिएशन १८५७ पासूनच हिंदुस्थानी कापसासाठी आग्रह धरीत होती. आता त्या आग्रहाला सरकारी धोरणाचे बळ मिळाले. आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या ‘सुरती’ मालाला लँकेशायरचे कामगार नाके मुरडीत; पण दुसरा माल होता कोठे? १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर व वणी हे तालुके मिळून आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा झाला, तोच पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील सट्ट्याचा डोलारा ढासळला. तथापि रेल्वे थांबली नाही. १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि धामणगाव हे यवतमाळच्या कापसाचे स्टेशन झाले. त्यापुढील वाट मात्र बैलगाडीचीच होती. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी स्वतंत्र कापूस आयुक्तही नेमला गेला. एकट्या पिकासाठी असा अधिकारी नेमला जावा, यातच या मुलखाचे मोल दिसते.

नेमक्या याच काळात, १८६६ पासून, सालारजंग वऱ्हाड परत मागत होते. कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून रोख ठेव देण्याचीही त्यांनी तयारी दाखविली. १८७६ मध्ये ते स्वतः लंडनला गेले. तहाच्या शब्दांपेक्षा कापसाचे मोल जड झालेले असल्याने त्यांच्या युक्तिवादाचा प्रभाव पडला नाही, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. फौज, सीमा व प्रतिष्ठा ही कारणेही होतीच; परंतु ती १८६० मध्येही होती, आणि त्या वर्षी दोन मुलूख परत गेले होते. निजाम अज्ञान असेपर्यंत या प्रश्नाचा विचार होणार नाही, असे लंडनहून कळविण्यात आले. १८८३ मध्ये सालारजंगांचे निधन झाले.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा निजामाकडून लिहून घेतला. निजामाचे नाममात्र स्वामित्व कागदावर कायम राहिले. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रेल्वे झाली, तीही खासगी ब्रिटिश भांडवलावर आणि मुख्यतः कापसासाठी.