गवत कापणाऱ्या यंत्राचे वजन

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या दऱ्यांमध्ये ओढ्यांच्या पाण्यावर लोकरी कापडाच्या गिरण्या चालत. ब्रिटिश सैन्याच्या लाल डगल्यांचे कापड इथे तयार होई, आणि ईस्ट इंडिया कंपनी आपल्याकडे जे लोकरी कापड आणून विकायची त्यातही इथल्या मालाचा वाटा असे. विणलेल्या लोकरी कापडावर लव राहते आणि ती एकसारखी कापली तरच कापड गुळगुळीत दिसते. पूर्वी हे काम मोठाल्या कात्र्यांनी हाताने करत. 1815 मध्ये याच खोऱ्यातल्या जॉन लुईसने त्यासाठी यंत्राचे पेटंट घेतले. एका लाटेवर मळसूत्री वळणाने बसवलेली पाती फिरतात, खाली एक पाते स्थिर असते, आणि दोन्हींच्या मध्ये सापडलेली लव कापली जाते.

ही रचना माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची आहे. माझे वडील इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये फिटर होते. सुती कापडावर सुटलेले धागे कापायला तिथे शिअरिंग मशीन होते. त्याच्या फिरत्या आणि स्थिर पात्यांमधली फट वडील फीलर गेज लावून जुळवत. फट वाढली तर धागे राहतात, कमी झाली तर पाती एकमेकांना घासून तापतात, असे ते मला डबा घेऊन गेलो की समजावत. पुढे मीही मेकॅनिकल इंजिनिअर झालो आणि न्यू जर्सीत स्थायिक झालो. इथे घरापुढचे गवत कापायचे यंत्र पहिल्यांदा उलटे करून पाहिले तेव्हा त्यात वडिलांच्या शिअरिंग मशीनसारखे काहीच दिसले नाही. खाली नुसते एक आडवे पाते होते. मूळची मळसूत्री पाती गेली कुठे, हे शोधताना मला या यंत्राचा इतिहास सापडला. यंदा पुतण्याने नवे घर घेतले आणि विचारले, "काका, मोअर बॅटरीचा घेऊ की गॅसवरचा?" मोअर म्हणजे हेच यंत्र, आणि अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल. त्याच्या प्रश्नाचे उत्तरही मला याच इतिहासात मिळाले.

एडविन बेअर्ड बडिंग हा स्ट्राउडजवळच्या थ्रप इथला यंत्रकारागीर. कापडावरची लव कापणारे यंत्र जमिनीवरचे गवतही कापू शकेल, हे त्याने ओळखले. 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याने पेटंट घेतले आणि थ्रपच्याच फिनिक्स फाउंड्रीच्या जॉन फेराबीने भांडवल घातले. यंत्राची रुंदी 19 इंच होती. मागचा लोखंडी रोलर जमिनीवर फिरला की गिअरमधून पात्यांच्या लाटेला वेग मिळे. त्याआधी इंग्रज जमीनदारांच्या हिरवळी लांब दांड्याच्या विळ्यांनी, तेही पहाटे गवतावर दव असतानाच कापल्या जात, कारण कोरडे गवत पात्यापुढे लवते. बडिंगच्या यंत्राला कोरडे गवतच मानवे. खेड्यात राहणाऱ्या सधन गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवणे हा मौजेचा आणि आरोग्याला उपकारक व्यायाम वाटेल, असेही त्याने पेटंटच्या मजकुरात नोंदवले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने हे यंत्र लवकरच घेतले.

पण यंत्र लोखंडाचे होते. एकाने मागून ढकलायचे आणि गरज पडली तर दुसऱ्याने पुढून ओढायचे, म्हणून पुढच्या बाजूलाही मूठ होती. या यंत्राच्या साऱ्या इतिहासाचा धागा इथे सुरू होतो, आणि तो वजनाचा आहे. गवत कापायला फार ताकद लागत नाही. ताकद जाते ती यंत्र ढकलण्यात, झाडाभोवती वळवण्यात आणि उतारावर सावरण्यात. जड यंत्र ओल्या मातीत रुतते, माती दाबते आणि गवताच्या मुळांची हवा तोडते.

पहिला उपाय घोड्याचा निघाला. स्कॉटलंडमध्ये आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने 1842 मध्ये तट्टाने ओढायचे 27 इंची यंत्र केले. खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून अशा तट्टांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. मग वाफेचे यंत्र आले. लँकेशरच्या जेम्स सम्नरने 1893 मध्ये वाफेवरच्या मोअरचे पेटंट घेतले. त्यात पुरेशी वाफ धरायलाच काही तास लागत, आणि यंत्र इतके अवजड की घरगुती बागेत त्याचा उपयोग नव्हता. सम्नरचा उद्योग मात्र वाढला. 1896 मध्ये त्यातून लँकेशर स्टीम मोटर कंपनी उभी राहिली, 1907 मध्ये तिचे नाव लेलँड मोटर्स झाले, आणि आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या अशोक लेलँडच्या नावातले लेलँड ते हेच.

पेट्रोलने वाफेला हटवले. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने 1902 मध्ये पेट्रोलवरचा मोअर बाजारात आणला. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत घालवते, तरी उरलेली पुरते. म्हणजे इंधन हलके होते आणि इंजिन जड. त्यामुळे पेट्रोलचे मोअर आधी मोठ्या मैदानांवरच गेले. घरापर्यंत ते पोचले दुसऱ्या महायुद्धानंतर, दोन बदल झाल्यावर.

पहिला बदल पात्याचा. फिरत्या लाटेला गिअर लागतात, स्थिर पाते लागते आणि फट जुळवणारा हात लागतो. त्याऐवजी इंजिनाच्या दांड्याला आडवे पाते बसवून ते नुसते वेगाने फिरवले तर गवत फटक्याने तुटते. 1952 मध्ये सिडनीच्या काँकर्ड उपनगरात मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने भंगारातले सामान जोडून असा हलका मोअर केला. पेट्रोलची टाकी म्हणून त्याने पीच फळांचा रिकामा डबा वापरला. त्यातून व्हिक्टा ही कंपनी झाली. मळसूत्री पात्यांची घरातली सद्दी संपली ती अशी. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर आणि गोल्फच्या मैदानांवर मात्र ती अजून आहेत, कारण कात्रीसारखा स्वच्छ काप तीच देतात.

दुसरा बदल धातूचा. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीने 1953 मध्ये ॲल्युमिनियमचे हलके इंजिन आणले. त्याला गिऱ्हाईक तयारच होते. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहत होते. तिथे सतरा हजारांहून अधिक घरे झाली, प्रत्येकापुढे हिरवळ आली आणि ती आठवड्याला कापण्याची अट घराच्या करारातच घातली गेली. या वस्तीत माळी नव्हता. घरमालकाने शनिवारी स्वतः कापायचे. बडिंगने ज्या व्यायामाची शिफारस केली होती तो आता कराराने लागू झाला, आणि हलके पेट्रोल इंजिन त्या शनिवारचे साधन झाले.

त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. या इंजिनांना मोटारींसारखे धूर आवरणारे भाग नव्हते. मोठ्या यंत्राने तासभर गवत कापले तर मोटारीने सुमारे 300 मैल जाण्याइतके धुरके तयार होते, असा कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाचा हिशेब आहे. आणि तो धूर सर्वांत जास्त जातो दिवसभर दुसऱ्यांचे गवत कापणाऱ्या मजुरांच्या छातीत. माझ्या गल्लीत एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत हे लोक ट्रकमधून येतात. त्यांच्या कानांची आणि फुप्फुसांची काळजी आपण घरमालकांनी आजवर पुरेशी केलेली नाही, असे मला मनापासून वाटते.

बॅटरीचा विचार नवा नाही. जनरल इलेक्ट्रिकने 1969 मध्ये इलेक-ट्रॅक नावाचा बागेचा विजेवरचा ट्रॅक्टर आणला. त्यात सहा-सहा व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या होत्या. आवाज कमी, धूर नाही, तरी 1975 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने त्याचे उत्पादन थांबवले. शिशाची बॅटरी किलोमागे 30 ते 40 वॉट-तास धरते, त्यामुळे बॅटऱ्यांचे ओझे मोठे होते. 1991 मध्ये सोनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी आज किलोमागे दीडशेच्या पुढे जाते. ॲल्युमिनियमने पेट्रोलच्या मोअरसाठी जे केले, तेच लिथियमने विजेच्या मोअरसाठी केले.

कायदा त्यानंतर आला. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा करून 2024 पासूनची नवी लहान पेट्रोल इंजिने विकण्यावर बंधन घातले. जुनी वापरायला तिथे आजही मोकळीक आहे. होंडाने 2023 मध्ये अमेरिकेत पेट्रोल मोअर बनवणे थांबवले. न्यू जर्सीत आमच्यावर असे बंधन नाही, म्हणून निवड आपल्यालाच करायची आहे.

पुतण्याला मी सांगितले ते असे. त्याचा प्लॉट पाव एकराचा आहे, आणि घर, ड्राइव्हवे व झाडे वजा जाता गवत त्याच्या जेमतेम निम्मे. 56 व्होल्ट, 7.5 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 420 वॉट-तास. एवढ्या जागेला ती एका चार्जमध्ये पुरते. मे महिन्यातल्या दाट, ओलसर गवताला जास्त लागते, तेव्हा एकदम एक तृतीयांशाहून जास्त उंची कापू नये. गॅसवरच्या मोअरला तेल, प्लग, फिल्टर बघावे लागते. इथल्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असते, ते हवेतले पाणी ओढते, आणि हिवाळ्यात टाकीत राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. बॅटरीच्या मोअरला यातले काही नको, फक्त पात्याला धार हवी आणि हिवाळ्यात बॅटरी घरात ठेवायला हवी. एकराच्या वर जागा असेल किंवा वाढलेले रानगवत असेल, तर पेट्रोलला आजही तोड नाही, कारण टाकी भरून पुन्हा सुरू करायला फार वेळ लागत नाही. आणि जागा अगदी लहान, सपाट असेल तर हाताने ढकलायचा मळसूत्री पात्यांचा मोअर घ्या. ते बडिंगचेच यंत्र आहे, आता बरेच हलके झालेले.

पाव एकरापर्यंतच्या घरासाठी माझा कौल बॅटरीला आहे. घेताना दुकानात मोअर उचलून पाहा, व्होल्टपेक्षा वॉट-तास विचारा, आणि बॅटरी संपली की ती कचऱ्यात टाकू नका, पुनर्वापर केंद्रात नेऊन द्या.