आठवी पास ड्रायव्हर

परवा पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात आमची एसटी एका माल भरलेल्या ट्रकमागे अडकली. चढावर, वळणावर, त्या ड्रायव्हरने गाडी अशी काही अलगद काढली की शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हात बसलेला आहे हो याचा!"

हा हात बसतो कसा? आणि तो बसला आहे हे सरकारने ओळखायचं कशावरून? घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. कारण या प्रश्नाशी माझा जुना संबंध आहे. माझ्या शाळेतल्या दोन भावांमुळे आलेला.

आपल्या देशात मोटारीसाठी पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि तो पन्नास वर्षं चालला. पण ट्रक चालवायला शिकायची खरी शाळा कायद्यात नव्हतीच. ती होती क्लीनरच्या जागेवर. (आमच्याकडे 'किन्नर' म्हणत.) चाक बदलायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, ताडपत्री बांधायची, रस्सा आवळायचा, गाडी मागे घेताना "आने दो, आने दो" ओरडायचं. चार-पाच वर्षं अशी सेवा झाली की एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग हातात देई. त्या विद्यालयाला ना फी, ना प्रमाणपत्र.

माझ्या शाळेतला थोरला भाऊ याच विद्यालयाचा. सातवी झाली आणि वडील गेले. पोरगा ट्रकवर चढला.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि प्रशिक्षण कागदावर आलं. आधी हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हातात हवा. मग जड वाहनासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किमान तीस दिवस, प्रत्यक्ष चालवणं पंधरा तास, आणि शेवटी त्या स्कूलचं पाच नंबरच्या फॉर्मवरचं प्रमाणपत्र. थोरल्याने हे सगळं केलं. मला म्हणाला होता, "सर, पाच वर्षं गाडीखाली घातली, आता पंधरा तासांत काय नवीन शिकवणार?" पण पुढे त्याला टँकर मिळाला. धोकादायक माल नेणाऱ्यांना त्याच नियमांत तीन दिवसांचं वेगळं शिक्षण सक्तीचं आहे, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवं. ते तीन दिवस करून आला तो मात्र गंभीर होऊन. "सर, टाकीत काय आहे, सांडलं तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." शिक्षण म्हणजे काय, हे त्या वाक्याइतकं नेमकं मला बी.ए.च्या कुठल्या पुस्तकात भेटलं नाही.

आणि मग आलं २००७. त्या एप्रिलमध्ये नियमात एक ओळ वाढली. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाचा नवा परवाना हवा असेल तर अर्जदार किमान आठवी पास हवा. सूट कुणाला? ज्यांच्याकडे आधीपासून असा परवाना आहे त्यांना. त्यांनी नूतनीकरण करावं, आणखी एखादा प्रकार जोडून घ्यावा, आठवीची अट त्यांना नाही.

म्हणजे सातवी शिकलेला थोरला सुटला. धाकटा अडकला. तोही सातवीतून गेलेला, भावाच्याच गाडीवर क्लीनर म्हणून तयार झालेला, हात तसाच बसलेला. फक्त परवाना काढायला त्याला उशीर झाला.

२००८ च्या उन्हाळ्यात, माझ्या निवृत्तीला महिनाभर उरला असताना, तो मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्यासमोर उभा राहिला. "सर, आठवीचा दाखला द्या. एका सहीचं काम आहे."

मी नाही म्हणालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटी सही केली नव्हती, ती शेवटच्या महिन्यात कशी करू? तो काही बोलला नाही. वाकून पाया पडला आणि गेला.

नंतरची गंमत अशी, की शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचं नाही असं ठरलं. एकीकडे रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा पुरावा म्हणून आठवी पासचा कागद मागायचा, आणि दुसरीकडे तो कागद वाचता येवो न येवो प्रत्येकाला द्यायचा! दोन्ही नियम आपापल्या जागी चांगल्या हेतूचे. एकमेकांशेजारी ठेवले की मास्तरला हसावं की रडावं कळत नाही.

२०१९ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ही अट काढायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. हरियाणा सरकारने मेवात भागातल्या गरीब तरुणांसाठी मागणी केली होती, आणि देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं मंत्रालयानेच सांगितलं. शाळेच्या इयत्तेपेक्षा प्रशिक्षण आणि कौशल्याची परीक्षा महत्त्वाची, हे बारा वर्षांनी मान्य झालं. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, आणि तो नीट पूर्ण करणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट. २००७ ची सूट तारीख बघून दिली होती. ही शिक्षण बघून दिली आहे. फरक लहान वाटतो, पण माझ्या मते सगळा मुद्दा तोच. अर्थात, इथेही प्रमाणपत्रावर सही करणारा प्रामाणिक असेल तरच!

अट गेली तेव्हा धाकटा चौतिशीत होता. एका गोदामावर पहारेकरी. रोज दुसऱ्यांचे ट्रक आत-बाहेर सोडायचे आणि वहीत नंबर लिहायचे. मी बातमी सांगायला मुद्दाम गेलो. तो हसला. "आता कुठं सर. मुलगा शिकतोय, तेवढं बघा." चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही त्याने.

सही केली नाही याची खंत मला आजही नाही. खंत वेगळीच आहे. मुक्त विद्यालयाची आठवीच्या तोडीची परीक्षा मोठ्या माणसालाही देता येत होती, आणि एका महिन्यात मी रिकामा होणार होतो. "सही नाही देत, पण संध्याकाळी घरी ये, मी शिकवतो," एवढं वाक्य मला सुचलं नाही.

घाटातल्या त्या ट्रकने वर पोहोचल्यावर डावीकडे घेऊन आमच्या एसटीला वाट दिली. ड्रायव्हर किती शिकलाय कुणास ठाऊक. मी खिडकीतून हात केला.